जुनी ‘स्टार ट्रेक’ मालिका आजच्या मुलांना कशी दाखवावी?

सप्तर्षी_नाशिक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळजहाजाच्या सफरींची मालिका लागत असे, हे इथल्या पन्नाशीच्या आसपासच्या सभासदांना आठवत असेल. त्यातले इंग्रजी संवाद निम्मेअधिक डोक्यावरून जात, तरीही स्पॉक या जहाजावरच्या अर्ध्या परग्रहवासी, तर्कनिष्ठ अधिकाऱ्याची वर गेलेली भुवई, जहाजाचे डॉक्टर मॅकॉय यांची सततची कुरकुर आणि दर आठवड्याला समोर येणारा नवा ग्रह यांनी मला जो नाद लावला, तो आजतागायत सुटलेला नाही. ही मालिका मुळात अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात एनबीसी वाहिनीवर दाखवली गेली होती आणि आमच्यापर्यंत येईतो ती चांगली पंधरा-सोळा वर्षांची शिळी झाली होती, हे पुढे खूप उशिरा कळले. शिळेपणा मात्र तेव्हा कोणालाच जाणवला नव्हता.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि मुलगा नऊ वर्षांचा. दोघांनाही अंतराळाची आवड आहे. चांद्रयान-३ चंद्रावर उतरले त्या संध्याकाळी दोघेही पडद्यासमोरून हलले नव्हते. म्हणून त्यांच्यासोबत मूळ मालिका पहिल्या भागापासून पाहावी असे ठरवले आणि ८ सप्टेंबर १९६६ रोजी सर्वप्रथम प्रसारित झालेला ‘द मॅन ट्रॅप’ हा भाग लावला. मुलीचे म्हणणे असे पडले की ही माणसे नुसती बोलतच राहतात. मुलाला माणसांच्या शरीरातले मीठ शोषणाऱ्या त्या प्राण्याची भीती वाटण्याऐवजी हसू आले. अर्ध्यातच दोघे उठून गेले.

माझे प्रश्न असे आहेत. भाग कोणत्या क्रमाने दाखवावेत? जुन्या दृश्यपरिणामांची आवृत्ती दाखवावी की संगणकावर नव्याने केलेली? त्या काळातल्या काही गोष्टी, विशेषतः स्त्रियांना दिलेली वागणूक, आज खटकतात. त्यांचे काय करावे? आणि मुळात आपल्याला आवडलेली गोष्ट मुलांच्या गळी उतरवण्याचा हा खटाटोप करावा का, याविषयीही मते वाचायला आवडतील.

खारघरचा_स्पॉक

क्रमाचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सर्वांत सोपा आहे. या मालिकेला पाहण्यासारखा क्रमच नाही. भाग ज्या क्रमाने चित्रित झाले त्या क्रमाने ते प्रसारित झाले नाहीत, आणि ‘द मॅन ट्रॅप’ पहिला लागला तो केवळ त्यात एक राक्षस आहे आणि प्रेक्षक राक्षसाला भुलतील, असा वाहिनीचा हिशेब होता म्हणून. एकूण ७९ भागांपैकी जवळजवळ प्रत्येक भाग स्वतंत्र कथा आहे. त्यामुळे पहिल्या भागापासून सुरुवात करण्याची निष्ठा इथे कामाची नाही. निवड करावी, आणि ती निष्ठुरपणे करावी.

माझी शिफारस ‘द डेव्हिल इन द डार्क’ या मार्च १९६७ मधल्या भागापासून सुरू करण्याची आहे, आणि ती का, हे जरा विस्ताराने लिहितो.

एका दूरच्या ग्रहावर खाणकामगारांची वसाहत आहे. खडकातून वाट काढत येणारा कोणी अज्ञात प्राणी एकामागून एक कामगारांना जाळून मारतो आहे, आणि कर्णधार कर्क, स्पॉक व मॅकॉय त्याचा बंदोबस्त करायला आलेले आहेत. इथपर्यंत ही सरळसरळ राक्षसकथा आहे. परंतु खाणीच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर सिलिकॉनचा एक गुळगुळीत गोळा ठेवलेला असतो आणि तसे हजारो गोळे खालच्या एका बोगद्यात सापडल्याचे तो सहज सांगून जातो. त्या गोळ्याकडे कॅमेरा आणि स्पॉक दोघेही पुन्हा पुन्हा वळतात. चाणाक्ष मूल तिथेच कान टवकारते. प्राणी हल्ले का करतो आहे, याचे उत्तर त्या टेबलावर सुरुवातीपासून पडलेले असते आणि मोठी माणसे त्याच्याकडे पाहूनही पाहत नाहीत, ही गोष्ट मुलांना फार आवडते. (ज्यांनी भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी पुढचे रहस्य इथे लिहीत नाही.)

याच भागातली दुसरी खुबी अशी की मध्यावर दोघांच्या भूमिका उलटतात. आधी स्पॉक सुचवतो की हा कदाचित आपल्या जातीतला शेवटचा जीव असेल, त्याला जिवंत पकडावे. कर्क ठाम असतो की त्याला ठार करायचेच. मग बोगद्यात कर्क एकटा त्या प्राण्याच्या समोरासमोर येतो, प्राणी हल्ला करत नाही, कर्क शस्त्र खाली घेतो, आणि दूरवरून तोच स्पॉक, मित्राच्या काळजीने, त्याला मारून टाक म्हणून विनवू लागतो. तर्कशुद्ध म्हणवणारा डळमळतो आणि तापट म्हणवणारा थांबतो. हे कोणीही बोलून दाखवत नाही. ते मुलांचे मुलांनी टिपायचे असते.

प्राण्याचा वेष म्हणाल तर एका कसरतपटूने अंगावर जाड गालिचा घेऊन रांगावे तसा दिसतो. तुमचा मुलगा हसेल, हसू द्यावे. शेवटी मॅकॉयला जखमी प्राण्यावर काँक्रीटचा लेप लावावा लागतो आणि तो वैतागून म्हणतो की मी डॉक्टर आहे, गवंडी नव्हे, तेव्हा तो पुन्हा हसेल, परंतु तोवर त्याला प्राण्याची काळजी वाटू लागलेली असेल.

त्यानंतर ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ दाखवावा, तो निखळ विनोदी आहे आणि तेवीस वर्षांच्या नवख्या लेखकाने लिहिला होता, हे मुलांना जरूर सांगावे. तिसरा ‘बॅलन्स ऑफ टेरर’. त्यात दोन जहाजांचे कर्णधार पाणबुडीयुद्धाप्रमाणे एकमेकांचा अंदाज घेत राहतात, आणि शत्रू स्पॉकसारखा दिसतो एवढ्या कारणावरून जहाजावरचा एक अधिकारी स्पॉकवरच संशय घेऊ लागतो. ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ या भागाची सर्वत्र थोरवी गायली जाते आणि ती रास्तही आहे, परंतु तो लवकर दाखवू नये. कर्कने शेवटी काय गमावले हे कळायला आधी कर्क आपला वाटायला हवा.

गोदा_मिशिगन

वरील प्रतिसाद वाचनीय आहे, पण मला मूळ मालिकेपासून सुरुवात करण्याचा आग्रहच पटत नाही. आम्ही बरीच वर्षे इकडे आहोत आणि माझ्या दोन्ही मुलांना गोडी लागली ती १९८७ ते १९९४ या काळातल्या ‘द नेक्स्ट जनरेशन’ मुळे. साठच्या दशकातल्या मालिकेकडे ती नंतर आपणहून गेली. नव्या मालिकेतले पात्रांचे वागणे आजच्या मुलांना ओळखीचे वाटते आणि चित्रही स्वच्छ आहे. पहिले पर्व मात्र खुशाल वगळावे. त्यात काही भाग इतके ओशाळवाणे आहेत की आपली बाजू सांभाळणे कठीण होते.

दुसऱ्या पर्वातला ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा फेब्रुवारी १९८९ चा भाग बारा वर्षांच्या मुलीसाठी मी सर्वांत आधी सुचवेन. डेटा हा यंत्रमानव जहाजावर अधिकारी आहे. एका शास्त्रज्ञाला त्याचे भाग सुटे करून, अभ्यास करून, त्याच्यासारखे आणखी अनेक बनवायचे आहेत. डेटा नकार देतो. मग प्रश्न उभा राहतो की त्याला नकार देण्याचा अधिकार तरी आहे का, की तो आरमाराच्या मालकीची एक वस्तू आहे. न्यायाधीश बाई डेटाच्याच मित्राला, जहाजावरच्या रायकर नावाच्या अधिकाऱ्याला, डेटाविरुद्ध बाजू मांडायला भाग पाडतात. त्याने हात आखडता घेतला तर डेटा हा टोस्टरच आहे असा निवाडा आपण तिथल्या तिथे देऊ, असे त्याला बजावतात. म्हणजे मित्राला वाचवायचे तर त्याच्याविरुद्ध जीव ओतून लढणे भाग. रायकर भर न्यायालयात डेटाचा हात काढून दाखवतो आणि शेवटी त्याच्या पाठीमागची कळ दाबून त्याला बंद करतो. डेटा टेबलावर कोसळतो आणि रायकर मान खाली घालून जागेवर जाऊन बसतो.

माझ्या मुलाने हा भाग पाहिला तेव्हा तो शाळेचा अभ्यास संगणकाशी गप्पा मारत करणाऱ्या पिढीत पोहोचलेला होता. त्याने विचारलेले प्रश्न आमच्या पिढीला १९८९ मध्ये सुचले नसते. विशेषतः त्यात जहाजाचा कर्णधार पिकार्ड आणि जहाजावरचे मद्यगृह सांभाळणारी गायनन यांचे जे बोलणे आहे, ज्यात हजारो डेटा बनवून त्यांना हवे तसे राबवायचे म्हणजे काय, हे गायनन एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या शांतपणाने त्याच्या लक्षात आणून देते, ते ऐकून तो बराच वेळ वाद घालत होता. जुन्या मालिकांकडे मुलांनी यावे ते अशा कारणाने यावे. आईबाबांच्या लहानपणीच्या आठवणी हे मुलांच्या दृष्टीने कारण होऊ शकत नाही, आणि ते साहजिक आहे.

फिरता_पंखा

दृश्यपरिणामांबद्दल थोडक्यात. २००६ पासून मूळ मालिकेतली जहाजाची आणि ग्रहांची दृश्ये संगणकावर नव्याने करून भाग पुन्हा प्रसिद्ध झाले. ती आवृत्ती देखणी आहे, पण माझे मत जुन्या आवृत्तीच्या बाजूने आहे. नव्या चकचकीत जहाजातून आत आल्यावर पुठ्ठ्याचे खडक अधिकच पुठ्ठ्याचे वाटतात; जुन्यात निदान सगळे एका मापाचे आहे.

हाताने काही करण्याची आवड असलेल्या मुलांना हे सगळे कसे केले होते, हेच दाखवावे. जहाजाचे चित्रण ज्या प्रतिकृतीवर झाले ती जवळपास अकरा फूट लांबीची होती आणि आज ती वॉशिंग्टनच्या अंतराळ संग्रहालयात आहे. आपोआप उघडणारी दारे पडद्याआड उभी असलेली माणसे ओढत असत. जहाज दर आठवड्याला ग्रहावर उतरवून दाखवणे परवडेना, म्हणून माणसांना किरणांच्या झोतातून थेट खाली पाठवण्याची युक्ती निघाली; कल्पनेतले सर्वांत प्रसिद्ध तंत्रज्ञान पैशांच्या टंचाईतून जन्मले. आणि धागाकर्त्यांनी दाखवलेल्या ‘द मॅन ट्रॅप’ साठी भविष्यकाळातल्या वाटाव्यात अशा मिठाच्या डब्या बाजारातून आणल्या होत्या. त्या इतक्या विचित्र आकाराच्या निघाल्या की त्यांतून मीठ पडते हे प्रेक्षकांना कळलेच नसते, म्हणून त्या डॉ. मॅकॉय यांची वैद्यकीय उपकरणे म्हणून वापरल्या गेल्या. हे सांगून तोच भाग पुन्हा लावल्यास मुलगा प्रत्येक दृश्यात डब्या शोधत बसेल.

अनुराधा_शिक्षिका

खटकणाऱ्या गोष्टींबद्दल लिहिते, कारण वर्गात जुने चित्रपट दाखवताना हा प्रश्न मला नेहमी पडतो.

खटकणारा भाग कापू नये आणि त्याआधी प्रवचनही देऊ नये. ‘टर्नअबाउट इंट्रूडर’ या शेवटच्या भागात स्त्रीला कर्णधार होता येत नाही असे जे सूचित होते, ते ऐकून तुमची मुलगी चिडेल. तिला चिडू द्यावे. त्यानंतर तिला हे सांगता येईल की वाहिनीने नाकारलेल्या ‘द केज’ या अगदी पहिल्या नमुनाभागात जहाजावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी एक स्त्रीच होती आणि ते पात्र पुढे मालिकेत राहिले नाही. म्हणजे ज्यांनी मालिका घडवली आणि ज्यांनी ती विकत घेतली, त्यांच्यातली ओढाताण पडद्यावर उमटलेली आहे. मुलांना अशी ओढाताण फार चांगली समजते. तीही घरात रोज तेच करत असतात.

मूळ मालिकेतली संदेशवहन अधिकारी उहुरा हिचे उदाहरण आणखी बोलके आहे. अनेक भागांत तिच्या वाट्याला संदेश आल्याचे सांगण्यापलीकडे काम नाही. तिची भूमिका करणाऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्री निशेल निकोल्स यांनी पहिल्या पर्वानंतर मालिका सोडायचे ठरवले होते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना भेटून थांबण्याचा आग्रह केला, ही हकीकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. पुढे १९७७ च्या सुमारास त्यांनी नासासाठी स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करण्याचे आवाहन करणारी मोहीम केली. १९७८ मध्ये निवडल्या गेलेल्या तुकडीत पुढे अंतराळात गेलेल्या पहिल्या अमेरिकन स्त्री सॅली राइड होत्या आणि पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन गायन ब्लूफोर्डही होते. उहुराला पाहत वाढलेल्या कृष्णवर्णीय अंतराळवीर मे जेमिसन १९९२ मध्ये अंतराळात गेल्या आणि १९९३ मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ च्या एका भागात छोट्या भूमिकेत दिसल्या. हे सर्व ठाऊक असलेली मुलगी उहुराकडे निराळ्या नजरेने पाहते, आणि उहुराला दिलेले किरकोळ संवाद तिला अधिकच खुपतात. दोन्ही योग्यच आहे.

आपल्या घरांतून आणखी एक प्रश्न हमखास येणार, त्याची तयारी ठेवावी. ‘स्पेस सीड’ या १९६७ मधल्या भागातला खलनायक खान नूनियन सिंग हा उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, असे त्यात सांगितले जाते, आणि भूमिका केली आहे रिकार्डो मोंटाल्बान या मेक्सिकन नटाने. मूल विचारील की हा आपल्यासारखा का दिसत नाही. त्याचे सरळ उत्तर असे की त्या काळी हॉलिवूडला भारतीय पात्रासाठी भारतीय नट शोधण्याची गरज वाटत नसे. तरीही १९६७ च्या अमेरिकन मालिकेत मानवजातीतला सर्वांत बलवान आणि बुद्धिमान म्हणून दाखवलेला माणूस भारतीय आहे, ही गंमत मोंटाल्बानच्या रुबाबासकट अनुभवण्यासारखी आहे. एक सूचना: या भागात जहाजावरची इतिहासतज्ज्ञ स्त्री खानपुढे ज्या रीतीने विरघळते, ते ‘टर्नअबाउट इंट्रूडर’ पेक्षा मला अधिक त्रासदायक वाटते.

लेस्टरवासी

विषय ‘स्टार ट्रेक’ चा आहे, तरी ‘डॉक्टर हू’ या काळातून प्रवास करणाऱ्या ‘डॉक्टर’च्या ब्रिटिश मालिकेचा दाखला इथे उपयोगी पडेल, कारण पिढ्यापिढ्यांतून आवड झिरपण्याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. २३ नोव्हेंबर १९६३ च्या शनिवारी संध्याकाळी बीबीसीवर ती सुरू झाली तेव्हाच मुले आणि मोठी माणसे एकत्र बसून पाहतील अशी तिची आखणी होती. पहिल्या प्रवासात दोन शिक्षक होते, एक इतिहासाच्या बाई आणि एक विज्ञानाचे सर. भूतकाळात गेले की बाईंनी समजवायचे आणि भविष्यात गेले की सरांनी, असा बेत होता. (पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौला जन्मलेले, हे इकडच्याही फारच थोड्या लोकांना ठाऊक असते.)

बीबीसीने पुढे फिती पुसून पुन्हा वापरल्या, त्यामुळे साठच्या दशकातले जवळपास शंभर भाग नाहीसे झाले. त्या सर्व भागांचे आवाज मात्र शिल्लक आहेत, कारण त्या वेळच्या चाहत्यांनी, त्यांत कित्येक शाळकरी मुले होती, घरच्या दूरचित्रवाणी संचासमोर ध्वनिमुद्रक धरून ते टिपून ठेवले होते. १९८९ मध्ये बंद पडलेली मालिका २००५ मध्ये ज्यांनी पुन्हा उभी केली ते रसेल टी. डेव्हिस, आणि नंतर डॉक्टरची भूमिका करणारे डेव्हिड टेनंट व पीटर कपाल्डी, हे सगळे लहानपणी तीच मालिका पाहून वेडे झालेले होते.

मुलांना आम्ही २००५ पासूनचे भाग दाखवले आणि जुन्या डॉक्टरांविषयी त्यांनी विचारेपर्यंत गप्प राहिलो. त्यांनी विचारले. धागाकर्त्यांना माझे एवढेच सुचवणे आहे की वार आणि वेळ ठरवून, एका वेळी एकच भाग पाहावा. सगळे भाग हाताशी असताना एकापाठोपाठ एक लावण्याचा मोह होतो आणि मग मध्ये बोलायला जागाच उरत नाही. त्या काळचे लेखक आठवडाभराचा खंड गृहीत धरून लिहीत होते.

आबा_सातारा

मुलाला दाखवायचा खूप प्रयत्न केला, त्याने ढुंकून पाहिले नाही. आता नातू आपण होऊन माझ्या शेजारी येऊन बसतो. मी त्याला बोलावत नाही; मी माझा पाहत असतो. त्याचा बाप अधूनमधून दारात उभा राहून पाच मिनिटे पाहतो आणि कामाचा फोन आल्यासारखे करून निघून जातो. आपल्याकडच्या ‘इंद्रधनुष’ आणि ‘कॅप्टन व्योम’ या दूरदर्शनवरच्या विज्ञानमालिकांचीही आठवण कोणीतरी काढायला हवी होती, म्हणून काढतो. केतन मेहता यांच्या ‘कॅप्टन व्योम’ मधली यंत्रसामग्री आज पाहून नातू पोट धरून हसला, पण शेवटपर्यंत पाहिला.

सप्तर्षी_नाशिक (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. खारघरच्या स्पॉकसाहेबांची यादी आणि गोदाताईंचा ‘द मेझर ऑफ अ मॅन’ ही दोन्ही नावे आज मुलीसमोर ठेवली आणि प्रत्येकाची दोन-दोन ओळींत कथा सांगितली. तिने यंत्रमानवाचा खटला निवडला. मुलाला खाणीतला प्राणी हवा आहे, त्यामुळे या शनिवारी एक आणि पुढच्या शनिवारी दुसरा असे ठरले आहे. मिठाच्या डब्यांची गोष्ट ऐकल्यावर मुलाने ‘द मॅन ट्रॅप’ चे उरलेले अर्धे पाहायची तयारी आपणहून दाखवली.

एक शेवटची शंका. मुले मराठी माध्यमाची आहेत आणि अमेरिकन उच्चार त्यांना चटकन कळत नाहीत. कथा मी मध्ये थांबवून मराठीत सांगावी का?

गोदा_मिशिगन

थांबवू नये. इंग्रजी उपशीर्षके सुरू ठेवावीत. या दोन्ही मालिकांतले नट रंगभूमीच्या वळणाचे आहेत. पिकार्ड झालेले पॅट्रिक स्ट्यूअर्ट तर रॉयल शेक्सपिअर कंपनीत बरीच वर्षे काम करून आलेले. ते शब्द स्पष्ट आणि सावकाश उच्चारतात, त्यामुळे आजच्या पुटपुटणाऱ्या मालिकांपेक्षा त्या समजायला सोप्या जातात. खटल्याच्या भागात कायद्याचे काही शब्द अडतील, तेवढे आदल्या दिवशी जेवताना बोलण्यात आणावेत, म्हणजे ऐन वेळी अडणार नाही.